उंबराचं फूल

बाईंनी पायाशी पडलेलं एक उंबर उचललं, अंगठ्याच्या नखाने मधोमध फोडलं आणि पांढऱ्या रुमालावर ठेवलं. सहावीतली एकोणीस डोकी एकदम खाली वाकली. ‘शीऽऽ, किडे!’ हे जे पहिलं यायचं ते आलंच. दोघं-तिघं मागे सरली. जी पुढे राहिली त्यांतली एक मुलगी रुमालाला जवळजवळ नाक लावून म्हणाली, ‘बाई, ह्या मुंग्या नाहीयेत. ह्यांना पंख आहेत.’

बाईंनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. ‘बघ अजून. मोज.’

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची ही सकाळ. जागा ठाण्याच्या येऊरची, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडच्या अंगाची. मुलं ठाण्यातल्याच एका मराठी शाळेची. जून 2024 पासून महिन्यातल्या एका शनिवारी त्यांच्या विज्ञानाच्या बाई वर्गाची अर्धी तुकडी घेऊन इथे यायच्या, उरलेली अर्धी पुढच्या शनिवारी. मी वर्षभर वही घेऊन त्यांच्या मागोमाग हिंडले. दोन खेपा चुकल्या, बाकी सगळ्या केल्या. या लेखात जे आहे ते बहुतेक त्या हिंडण्यातून आलेलं आहे.

तर उंबर. फार दिवसांनी तोंड दाखवणाऱ्याला आपण ‘काय, उंबराचं फूल झालास!’ म्हणतो. उंबराच्या खोडाला फळांचे घोस लगडतात, पण झाड फुललेलं कधी कोणी पाहिलेलं नसतं, त्यावरून हे आलं. बाईंनी हा वाक्प्रचार झाडाखालीच विचारला. निम्म्या मुलांना तो आजीच्या तोंडून ठाऊक होता. ‘मग ह्याला फूल येतच नाही का?’ असं एकाने विचारल्यावर बाईंनी रुमालावरच्या अर्ध्या फळाकडे बोट केलं. आतल्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने बसलेले बारीक दाणे, तीच उंबराची फुलं. शेकडोंनी. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलं आत कोंडलेली पिशवी आहे आणि तिला टोकाशी एकच चिमुकलं दार आहे. त्या दारातून, अंगाला पराग माखून, तांदळाच्या कणीएवढी एक माशी आत शिरते. ही गांधीलमाशीच्या गोतातली. शिरताना तिचे पंख बहुधा दारातच तुटतात. आत ती फुलांवर पराग सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक जण आतच संपतात. त्या भोकातून माद्या नवे पराग अंगावर घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधायला. उंबराची माशी वडाच्या कामाची नाही, वडाची उंबराच्या नाही. जिचं झाड तिला.

‘म्हणजे उंबर खाल्लं की आपण त्या मेलेल्या माश्यापण खातो?’

‘खातो.’

एका मुलाने आदल्या खेपेला उंबर खाल्लं होतं. तो आता महिन्यापूर्वीचं थुंकायला लागला. हसणं थांबल्यावर, सहसा गप्प असणाऱ्या एका मुलाने विचारलं, ‘बाई, माश्या मेल्या तर झाड मरेल?’

माझ्या मते त्या वर्षातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. बाई म्हणाल्या, ‘झाड लगेच नाही मरणार. पण त्याला बी धरणार नाही.’ मग वर बघायला सांगितलं. फांदीवर हरियालांचा थवा होता, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांच्या हिरव्यात मिसळलेला, हलला तेव्हाच दिसला. उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही उंबर, वड, पिंपळ यांपैकी कोणी ना कोणी फळावर असतं. धनेश, माकडं, वटवाघळं, उदमांजरं यांना पडत्या काळात हाच आधार. तांदळाच्या कणीएवढी माशी आणि हातभर चोचीचा धनेश एकाच झाडाला बांधलेले आहेत, हे सांगायला पुस्तकात ‘परिसंस्था’ असा एक शब्द आहे. त्या सकाळी तो शब्द कोणी उच्चारला नाही. गरज पडली नाही.

*

मी शाळेत होते तेव्हा आमचीही ‘निसर्ग सहल’ जायची. बसमध्ये अंताक्षरी, पोचल्यावर रांगेत उभं करून डोकी मोजणं, मग बटाटेवडा, मग क्रिकेट, परतताना पुन्हा डोकी. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ या विषयावर पंधरा ओळी. मी त्यात ‘हिरवीगार वनराई’ लिहिलं होतं आणि मला चांगला शेरा मिळाला होता. त्या वनराईतल्या एकाही झाडाचं नाव मला माहीत नव्हतं, कोणी विचारलंही नाही. ते शिक्षक प्रेमळ होते. झाडांची नावं त्यांनाही ठाऊक नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आता सहलींची जागा सफारीने घेतली आहे. चांगल्या घरची मुलं सुटीत ताडोब्याला, पेंचला जाऊन येतात. परत आल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारला जातो, वाघ दिसला का? नसेल दिसला तर ‘काहीच दिसलं नाही’ असं मूल सांगतं, आईबापही तेच सांगतात. तीन तास साग, ऐन, धावडा, बांबू यांतून, वाळवीच्या पुरुषभर उंच वारुळांजवळून, पाणवठ्याच्या चिखलातल्या दहा प्रकारच्या पावलांवरून गाडी जाते, आणि काहीच दिसत नाही. यात मुलाचा दोष नाही. त्याला जंगल म्हणजे वाघाचं नेपथ्य एवढंच सांगितलं गेलं आहे.

शिकवण्याची सक्ती नाही असंही नाही. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं. त्यानंतर पुस्तकं आली, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या. आपल्याकडे तर प्राथमिक शाळेत या विषयाचं नाव ‘परिसर अभ्यास’ आहे, फार नेमकं आणि सुंदर नाव. पण परिसराचा अभ्यास खिडक्या लावून होतो. अन्नसाखळीची आकृती मुलं सुबक काढतात, गवत, हरीण, वाघ, मध्ये बाण. बाण कशाचा ते विचारलं की गप्प.

येऊरला येणाऱ्या बाईंची पद्धत साधी होती आणि मला ती पुरती पटलेली आहे. जागा एकच. वाट एकच, जेमतेम दीड किलोमीटरची. प्रत्येक जोडीला एक झाड वाटून दिलेलं. त्या झाडापाशी दर खेपेला दहा मिनिटं बसायचं आणि वहीत लिहायचं. पानं किती, कोवळी की जून, फूल, फळ, कोण आलं, कोण गेलं. नवीन काही दाखवायचं नाही. जुनंच पुन्हा बघायचं. ‘सीझनवॉच’ नावाचा देशभरातला एक उपक्रम गेली अनेक वर्षं हेच करतो आहे. शाळेतली मुलं एका ठरावीक झाडाच्या नोंदी दर आठवड्याला ठेवतात, त्यात केरळातल्या शाळांचा वाटा फार मोठा आहे. ऋतू सरकताहेत का, हे पुढे अशाच नोंदींवरून कळणार आहे. बाईंनी कल्पना तिथूनच उचलली असं त्या मोकळेपणाने सांगतात.

पहिल्या दोन खेपा मुलं कंटाळली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असल्या लेखांत मुलं पहिल्या दिवसापासून डोळे विस्फारून बघत असतात. ‘बाई, माझं झाड काहीच करत नाही,’ अशी तक्रार जुलैत मी स्वतः ऐकली. झाड ऐनाचं होतं. त्याच मुलाने फेब्रुवारीत मला हात धरून नेलं आणि त्या ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीतल्या भेगेत कोळी कुठे राहतो ते दाखवलं. झाडाला एकही पान नव्हतं तेव्हा. त्याला आता ते झाड डोळे मिटून, नुसता हात फिरवून ओळखता येत होतं.

*

सप्टेंबरात बाईंनी एक लोटा आणि एक चादर आणली.

चादर पांढरी. तिच्यावर मुलांनी झाडाखालचा ओंजळभर पाचोळा आणून चाळणीने चाळला. वरवर कुजकी पानं, पण मिनिटभर न हलता बघितल्यावर चादर चालायला लागली. वळवळणारी गोम, स्पर्श होताच चकली करून पडणारा वाणी, ठिपक्याएवढे उड्या मारणारे कीटक, कुठल्यातरी भुंग्याची पांढरी अळी, आणि ओल्या पानांना पानांशी शिवणारे बुरशीचे धागे. ‘हे इथे काय करतात?’ यावर मुलांचं उत्तर ‘राहतात’. मग बाईंनी विचारलं, दरवर्षी एवढं पान पडतं, तर जंगल पाचोळ्याने भरून का जात नाही? कोण झाडतं? हा प्रश्न मुलांना भिडला, कारण वर्ग झाडायची पाळी त्यांच्यावर येते. वाळवी, वाणी, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू, हे सगळे मिळून पानाची माती करतात आणि तीच माती पुन्हा पानात चढते. सोसायटीच्या आवारात आपण तोच पाचोळा गोळा करून जाळतो, हे एका मुलीने आपणहून सांगितलं. तिच्या इमारतीचे वॉचमन रोज संध्याकाळी जाळतात म्हणे. पुढच्या खेपेला तिने सांगितलं की तिच्या बाबांनी कमिटीत विषय काढला आणि तो फेटाळला गेला.

मग लोटा. एक लोटा पाणी लोकांच्या पायाखाली घट्ट झालेल्या वाटेवर ओतलं. ते घसरलं, लाल झालं आणि उताराने धावत सुटलं. दुसरा लोटा चार हातांवर, पाचोळ्याच्या जमिनीवर. पाणी गेलं कुठे ते कळलंच नाही. मुलांनी पाचोळा बाजूला सारला, खाली जमीन ओली आणि काळी. पुन्हा ओता, पुन्हा ओता, असं सहा वेळा झालं.

याच डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार 1860 साली पुरा झाला, तुळशी 1879 साली. मुंबईला नळाने पाणी आधी इथून मिळालं. आज शहराच्या गरजेपुढे हे दोन्ही लहान आहेत, तरी अजून पाणी देतात. आजूबाजूला सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल आहे म्हणून ते तलाव गाळाने भरून गेले नाहीत. जंगलामुळे पाऊस पडतो, हे ठोकळेबाज वाक्य मुलांना पाठ असतं. जंगलामुळे पडलेला पाऊस थांबतो, ही अधिक खरी गोष्ट. ती एका लोट्यात कळली.

*

बिबट्याबद्दल बोलल्याशिवाय येऊरचा लेख पुरा होत नाही, आणि मुलांनाही धीर नव्हता. दर खेपेला कोणी ना कोणी विचारायचं. डिसेंबरात वाटेच्या कडेला विष्ठा सापडली. सोबत पाड्यावरचे एक मामा असायचे, वारली, पन्नाशीचे. त्यांनी काडीने उकलून दाखवली. आत केस होते. ‘कशाचे?’ मुलं म्हणाली हरणाचे, सशाचे. मामा म्हणाले, ‘कुत्र्याचे.’

कोणाचा विश्वास बसेना. पण या उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे, हे अभ्यासांतूनही पुढे आलेलं आहे. बाईंनी तिथेच, मातीत काठीने आकृती काढायला लावली. बिबट्या कुत्रा खातो. कुत्रा काय खातो? कचरा. कचरा कुठून येतो? आमच्या बिल्डिंगमधून. शेवटचा बाण काढणाऱ्या मुलाचा हात क्षणभर थांबला. अन्नसाखळीत आपण स्वतः आहोत, आणि तेही आपल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यासकट, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. गवत, हरीण, वाघ ही साखळी खोटी नाही. पण ठाण्यातल्या मुलाला ती दुसऱ्याच्या गावची आहे. ही त्याची.

मामांनी मग वाघोबाचं देऊळ दाखवलं. देऊळ म्हणजे झाडाखालचा कोरलेला जुना दगड, शेंदूर लावलेला. ठाणे, पालघर आणि मुंबईच्या उपनगरांत असे वाघोबा जागोजाग आहेत. आपली वसुबारस असते त्याच दिवशी वारली लोक वाघबारस करतात. एकाच तिथीला शहरात गाय-वासराची पूजा होते आणि इथे त्यांना खाणाऱ्याची. एका मुलाने मामांना विचारलं, ‘भीती वाटत नाही?’ मामा म्हणाले, ‘वाटते ना. म्हणून तर पुजतो.’ त्यांनी पुढे सांगितलेल्या गोष्टी मुलांनी वहीत लिहिल्या. अंधार पडल्यावर लहान मूल एकटं सोडायचं नाही, घराभोवती रान वाढू द्यायचं नाही, रात्री जायचं तर बोलत जायचं, बॅटरी घ्यायची. ही पूजेइतकीच जुनी आणि पूजेपेक्षा जास्त उपयोगाची शिकवण आहे.

*

या तुकडीत पाड्यावरचा एक मुलगा होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, वाचनात मागे. मला वाटलं होतं की जंगलात तो फुलेल, सगळ्यांचा गुरू होईल. तसं झालं नाही. तो जंगलात वर्गापेक्षा जास्त गप्प असायचा. कारण नोव्हेंबरात कळलं. ओढ्याकाठी मुलं खेकडे बघत होती, एकीने नाव विचारलं, आणि तो चटकन बोलून गेला की कुठल्या दगडाखाली हात घालायचा आणि कालवण कसं होतं. मग एकदम थबकला आणि बाईंकडे बघू लागला. त्याला वाटलं, आपण पकडले गेलो. राष्ट्रीय उद्यानात काही पकडणं, तोडणं, मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याच्या घरी ते सगळ्यांना चांगलं माहीत आहे. त्याला जे येतं त्यातलं बरंचसं आता निषिद्ध आहे.

बाईंनी त्या दिवशी फार समजूतदारपणा दाखवला. त्याला शाबासकी दिली नाही, दटावलंही नाही. एवढंच विचारलं, ‘पावसात खेकडे कुठे असतात आणि उन्हाळ्यात कुठे जातात?’ हे त्याला तपशीलवार ठाऊक होतं, आणि हे सांगण्यात काही गुन्हा नव्हता. पुढच्या खेपांना त्याने शेवळाची भाजी काकडाची फळं घातल्याशिवाय का करत नाहीत ते सांगितलं (घसा खाजतो म्हणून). कारवीच्या काठ्यांचा कूड कसा विणतात तेही सांगितलं. वाचनात तो अजून मागेच आहे. तेवढ्याने ते सुटणार नव्हतं.

त्याला बघताना मला राहून राहून कोसबाडची आठवण यायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, ते याच वारली मुलांसाठी. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे रानात असत. तेव्हा या बायकांनी शाळाच रानात नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, मोजायला बिया आहेत, आकार शिकायला पानं आहेत. बाहेरच्या देशांतल्या वनशाळांची कौतुकं आपण आता मासिकांतून वाचतो, आणि ती वाचायलाच हवीत. पण आपल्याच डहाणूत ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कामाची आठवण आपल्या शिक्षणशास्त्राच्या वर्गांत परीक्षेतल्या टिपेपुरती उरावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं. कुरणशाळेत मुलाचं रानातलं ज्ञान आणि शाळेतलं ज्ञान यांच्यात भिंत नव्हती. येऊरच्या त्या मुलाच्या डोक्यात ती आज पक्की आहे, आणि ती आपण बांधली आहे.

*

जानेवारीत एका झाडावर फुटबॉलएवढा तपकिरी गोळा दिसला. मुंग्यांचं घर, चावून लगदा केलेल्या पानालाकडाचं. बाईंनी सांगितलं, तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी याच मुंग्या खातो आणि याच मुंग्यांच्या घरात भोक पाडून स्वतःची पिल्लं वाढवतो. ‘मग मुंग्या पिल्लांना चावत का नाहीत?’ असा प्रश्न तीन दिशांनी आला.

‘मला माहीत नाही,’ बाई म्हणाल्या.

मुलं अवाक. बाईंना माहीत नाही, असं त्यांनी वर्गात कधी ऐकलं नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं मुलांचे तर्क चालले. पिल्लांना वास येत असेल, सुतार भाडं देत असेल, मुंग्या रात्री झोपत असतील. बाईंनी एकही तर्क खोडला नाही, फक्त प्रत्येकाला विचारलं, हे खरं आहे का ते बघायचं असेल तर काय करशील? सालिम अली लहानपणी स्वतः टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी हातात घेऊन ती कुठल्या जातीची ते विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीतला तिथला मोठा माणूस, मिलर्ड, त्याने त्या पोराला हाकललं नाही, कपाटं उघडून दाखवली, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलाबरोबर बघायला तयार असलेला एक मोठा माणूस लागतो. तो तज्ज्ञ असलाच पाहिजे असं नाही. त्याला खोटं उत्तर देण्याची सवय नसली म्हणजे पुरे.

अडचणींबद्दल थोडक्यात सांगते, कारण शिक्षक वाचक आधी तेच विचारतील. वनखात्याची परवानगी लागते आणि ती वेळेत मागितली तर मिळते. पालकांचं संमतीपत्र लागतं. विसाच्या वर मुलं नेऊ नयेत, विसाच्या पुढे जंगल उरत नाही, जत्रा होते. तीन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक स्थानिक. पायात बूट, पूर्ण बाह्या, पाऊल टाकायच्या आधी नजर. वर्षभरात एकदा धामण दिसली, दोघांना खाजकुयली लागली, एक मुलगी घसरून तिचा गुडघा फुटला. मुलींसाठी स्वच्छतागृह वाटेवर नाही, ही खरी अडचण. त्यामुळे वेळ अडीच तासांच्या वर नेता येत नाही. आणि बसचा खर्च. तो बाईंनी निम्मा शाळेकडून, निम्मा माजी विद्यार्थ्यांकडून उभा केला. एवढ्या खटाटोपाला सरकारी आदेशात कुठे जागा नाही. आदेशात 5 जूनच्या वृक्षारोपणाला जागा आहे, त्याचा फोटो पाठवावा लागतो.

*

या मुलांचं नशीब असं की त्यांच्या वर्षात कारवी फुलली. संजय गांधी उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. 2008, 2016 आणि मग 2024. सात वर्षं नुसती हिरवी झुडपं वाढत राहतात, आणि आठव्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता सगळा उतार एकदम जांभळा होतो. ऑगस्टमध्ये कळ्या होत्या, सप्टेंबरात आम्ही पोचलो तेव्हा आधी ऐकू आला तो मधमाश्यांचा गुंजारव. इतकी झाडं एकाच वेळी का फुलत असतील, याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की, एवढं बी एकदम पडलं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं. फुलून झाली की ती झाडं मरतात. बोंडं मात्र वाळून तशीच उभी राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की तडतडून फुटतात आणि बी उडवतात.

ते फुटणं ऐकायचं, असं ठरलं होतं. वर्ग सातवीत गेला की जूनची पहिली खेप त्यासाठीच. पण 2025 साली मान्सून मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला, 1950 पासूनच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. शाळा बंद, मुलं गावाला. जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा बोंडं फुटून रिकामी झाली होती. मुलं हिरमुसली. फक्त पाड्यावरच्या त्या मुलाने ते ऐकलं होतं, तो तिथेच होता. ‘कसा आवाज येतो?’ सगळ्यांनी त्याला घेरलं. त्याने जिभेने टाळूवर टाक, टाक, टाक करून दाखवलं. मग अठरा जणांनी करून बघितलं.

खाली मेलेल्या काठ्यांच्या मधून बोटभर उंचीची रोपं आली होती, मोजता येणार नाहीत इतकी. ती 2032 मध्ये फुलतील. ही मुलं तेव्हा एकोणीस वर्षांची असतील.

तुमच्या गावाजवळ राष्ट्रीय उद्यान नसेल. टेकडी असेल, ओढा असेल, देवराई असेल, निदान देवळामागचं एक जुनं झाड असेल. मुलाला तिथे न्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच न्या. त्याच्या हातात वही द्या, तुमचा फोन घरी ठेवा, आणि त्याने विचारलेलं ठाऊक नसेल तर तसं सांगा. खाली पडलेलं उंबर सापडलं, तर उचलून फोडा.